खोडाची साल सोलली गेली तर: नाशिकच्या अंगणातल्या शोभेच्या झाडांचा प्रथमोपचार

जुलै-ऑगस्टमध्ये सोसायटीतलं गवत गुडघ्याला लागायला लागलं की ग्रास कटरवाल्याला बोलावणं जातं. तासाभरात मैदान चकाचक होतं. दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं तर ताम्हणाच्या किंवा कांचनाच्या बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, साल उडून पांढरं लाकूड दिसत असतं. झाड हिरवंगारच असतं, म्हणून कुणी लक्ष देत नाही. ज्यांचं लक्ष जातं ते घरात उरलेला ऑइल पेंट नाहीतर डांबर आणून त्यावर फासतात. दुर्लक्ष आणि पेंट यात निवड करायची झाली, तर मी दुर्लक्ष निवडेन.

ताम्हण, बहावा, कांचन, गुलमोहर, टॅबेबुया, बकुळ अशी शोभेची झाडं पहिल्यांदाच सांभाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. नवीन झाडाची साल पातळ असते, आणि पहिल्या पाच-सात वर्षांत झालेली जखम त्याला आयुष्यभर पुरते.

आधी साल काय करते ते पाहा

मुळांनी घेतलेलं पाणी लाकडातून वर चढतं. पानांनी तयार केलेली साखर मात्र सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कॅम्बियमचा अगदी पातळ, ओलसर थर असतो. नवी साल आणि नवं लाकूड दोन्ही तोच बनवतो.

हे नाशिकच्या द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको. मण्यांची फुगवण व्हावी म्हणून निफाड-दिंडोरीकडे वेलीच्या सालीची जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीची कडी काढतात. यालाच गर्डलिंग म्हणतात. साखर खाली उतरत नाही, घडाकडे वळते. कडी अरुंद असल्यामुळे वेल काही आठवड्यांत ती भरून काढते. ग्रास कटरची नायलॉनची दोरी तेच काम करते, पण चार बोटं रुंद पट्टा काढते, आणि तेवढा पट्टा भरून काढणं झाडाच्या आवाक्याबाहेरचं असतं. पाणी लाकडातून वर जात राहतं म्हणून पानं हिरवी राहतात, खाली मुळं उपाशी पडतात. कधी कधी झाड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तग धरतं आणि मग अचानक वाळतं. तोवर ऑगस्टमधला ग्रास कटर कुणाला आठवत नाही.

दुसरी गोष्ट, झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं करवतीने उभी-आडवी कापून पाहिली आणि १९७० च्या दशकात मांडलं की झाड जखमी भाग दुरुस्त करत नाही, त्याला आतून भिंती घालून वेगळं पाडतं. पुढे कडेने नवं लाकूड वाढतं आणि जखमेवर हळूहळू कड वळवत आणतं. जखम झाकली गेली तरी आतलं जुनं लाकूड तसंच राहतं. म्हणून आपण औषध लावून जखम बरी करतो हा समज सोडायचा. आपल्या हातात एवढंच आहे की झाडाच्या कामात अडथळा येऊ द्यायचा नाही.

खरंच जखम आहे का?

अर्जुन, पेरू, निलगिरी यांची वरची साल आपोआप सुटून पडते. खाली गुळगुळीत, ताजी साल असते. ताम्हणाचेही पापुद्रे निघतात. तिथे काहीच करायचं नाही. शंका असेल तर नखाने हलकंसं खरवडा. खाली हिरवट ओला थर दिसला तर साल जिवंत आहे. तपकिरी, कोरडं आणि तंतूंसारखं लागलं तर तेवढा भाग मेलेला आहे.

याच्या उलट प्रकार जास्त फसवा. बुंध्याशी पालापाचोळा पेटवला की साल दिसायला जागेवर असते, पण आतलं कॅम्बियम भाजून गेलेलं असतं. काही आठवड्यांनी साल तडकते, वाजवली तर पोकळ वाजते, मग सुटते. दक्षिण-पश्चिम बाजूला भर उन्हात उभ्या असलेल्या कोवळ्या खोडांचंही एप्रिल-मे मध्ये असंच होतं. शेजारचं मोठं झाड तोडलं, किंवा खालच्या सगळ्या फांद्या एकदम साफ केल्या, तर सावलीला सरावलेलं खोड पहिल्या उन्हाळ्यातच भाजतं.

टेप घ्या आणि मोजा

शिंप्याचा टेप जखमेच्या उंचीवर खोडाभोवती गुंडाळून घेर मोजा. मग जखमेची आडवी रुंदी मोजा. उभी लांबी फारशी महत्त्वाची नाही. घेराचा किती भाग तुटला हे महत्त्वाचं. घेर ४० सेंटिमीटर आणि जखम ८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे पाचवा हिस्सा. पाव घेरापेक्षा कमी जखम असेल तर धडधाकट झाड बहुधा निभावून नेतं. पाव ते अर्धा असेल तर झाडाची वाढ मंदावेल, काही फांद्या वाळतील, पण वाचायची शक्यता चांगली. अर्ध्याहून जास्त असेल तर काळजीचं. चहूबाजूंनी पूर्ण कडी निघाली असेल तर खालच्या उपायांनी काही होणार नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मोबाइलवर टेपसकट फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी जखम लहान होतेय की नाही, हे आठवणीवरून कुणालाच सांगता येत नाही.

साल ताजी आणि लोंबत असेल तर

गाडी मागे घेताना धडक बसली, साल फाटून लोंबते आहे, आतली बाजू अजून ओली आहे. अशा वेळी पहिले काही तास सोन्याचे. पावसाळ्यात झाड जोमात वाढत असतं, त्यामुळे साल लाकडापासून सहज सुटते. गुलाबावर डोळा भरणारे, म्हणजे दुसऱ्या रोपाचा डोळा सालीखाली बसवून कलम करणारे, याच गोष्टीचा उपयोग करून घेतात. जी साल सहज सुटते, ती लगेच नीट बसवली तर धरण्याचीही शक्यता असते.

लाकडाला आणि सालीच्या आतल्या बाजूला हात लावू नका, पुसू नका, धुऊ नका. माती लागली असेल तर स्वच्छ पाण्याचा हलका फवारा पुरे. साल जशी होती तशी जागेवर दाबून बसवा. वरची बाजू वरच राहिली पाहिजे, कारण तुकडा सुटून हातात आला असेल तर उलटा बसवण्याची चूक सहज होते. रुंद पट्टीने किंवा कापडी चिकटपट्टीने घट्ट धरून ठेवा. मोठ्या खोडावर बारीक, पातळ खिळे चालतात. त्यावर ओला काथ्या किंवा ओलं गोणपाट, आणि त्यावर पांढरं प्लास्टिक गुंडाळा. काळं प्लास्टिक उन्हात तापतं, ते नको. दोन-तीन आठवड्यांनी सगळं सोडून टाका. पट्टी विसरून गेलात तर तीच पुढे खोडाला फास बनते.

साल धरली नाही तर ती सुकून सुटेल. काढून टाका आणि पुढच्या पायरीवर या.

कड साफ करणं

यात कौशल्य कमी आणि संयम जास्त लागतो. धारदार चाकू घ्या, कलम करायचा असेल तर उत्तम. कोयता नको, विळा नको. पातं सर्जिकल स्पिरिटने पुसा, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पुन्हा पुसा. जखमेच्या कडेला जी साल सैल आहे, लाकडापासून उचकटलेली आहे, तेवढीच कापायची. घट्ट चिकटलेली साल लागली की थांबायचं. कड सरळ आणि गुळगुळीत हवी, फाटलेले धागे राहायला नकोत.

जुन्या बागकामाच्या सल्ल्यात जखमेला दोन्ही टोकांना निमुळता, होडीसारखा आकार द्या असं सांगतात. त्यासाठी चांगली, जिवंत साल कापावी लागते, आणि जखम विनाकारण मोठी होते. माझं मत, आकाराच्या नादी लागू नका. मधलं उघडं लाकूड खरवडून, पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करण्याचीही गरज नाही. कडेला नवीन, फुगीर, किंचित फिकट रंगाची वळी दिसत असेल तर तिला अजिबात चाकू लावायचा नाही. झाड जखम झाकतंय ते तिथूनच.

आता लावायचं काय?

हा प्रश्न नाशिकमध्ये हमखास येतो आणि उत्तरही तयार असतं: बोर्डो पेस्ट. द्राक्षांच्या जिल्ह्यात ते साहजिक आहे. १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्डो भागात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी द्राक्षावरच्या केवडा या रोगासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं हे मिश्रण पुढे आणलं. आपल्याकडे आजही द्राक्षवेलीच्या वर्षातल्या दोन छाटण्यांपैकी कुठलीही, खरड छाटणी किंवा गोडी छाटणी, झाली की ते ऐकू येतंच. पण द्राक्षबागेत त्याचं काम बुरशी रोखणं आहे, जखम भरणं नव्हे.

कोरड्या ऋतूत, म्हणजे नोव्हेंबर ते मे, सालीच्या जखमेवर काहीही लावू नका. उघडं लाकूड वाऱ्यावर सुकू द्या. ऐन पावसाळ्यात मोठी जखम झाली असेल, किंवा झाड आधीच अशक्त असेल, तर उघड्या लाकडावर बोर्डो पेस्टचा एक पातळ हात द्यायला हरकत नाही. कडेची जिवंत साल आणि नवीन वळी मात्र सोडून द्या.

घरगुती प्रमाण सोपं आहे: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. प्लास्टिकची भांडी वापरा, लोखंडाची किंवा पत्र्याची नकोत. अर्धा लिटर पाण्यात मोरचूद कुटून विरघळवा. ते लवकर विरघळत नाही, आदल्या रात्री कापडाच्या पुरचुंडीत पाण्याच्या वरच्या थरात लटकवून ठेवलं तर काम सोपं होतं. दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये चुना थोडा थोडा घालून विझवा. तो उकळतो, अंगावर उडतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घाला. थंड झाल्यावर फडक्याने गाळून घ्या, आणि गाळलेल्या चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी हळूहळू ओतत ढवळा. स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. तयार पेस्ट त्याच दिवशी संपवायची. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हाती लागू देऊ नका, उरलेलं पाणी माशांच्या टाकीजवळ किंवा नाल्यात ओतू नका.

ऑइल पेंट, डांबर, सिमेंट, फेविकॉल, वंगण यांपैकी काहीही नको. ही थापलेली आवरणं तडकतात, आत पाणी धरून ठेवतात, आणि बुरशीला आडोसा मिळतो. शेण-मातीचा लेप कोरड्या दिवसांत पातळ असेल तर त्रास देत नाही. पावसाळ्यात जाड थापला तर तोही ओल धरतो. हळदीबद्दलही विचारणा होते. नुकसान नाही, पण ती स्वयंपाकघरातच बरी.

खोडात जुनी ढोली असेल तर ती सिमेंट-विटांनी बुजवू नका. पूर्वी तसं करत. झाड वाऱ्याने हलतं, सिमेंट हलत नाही, आणि मधल्या फटीत पाणी साचून कुजणं वाढतं. पाणी वाहून जावं म्हणून खालून भोक पाडणंही वाईट, कारण झाडाने आत घातलेली भिंत त्याने फुटते.

पाणी आणि खत

जखमी झाडाला टॉनिक म्हणून मूठभर युरिया टाकण्याची घाई नको. युरियाने पालवी फुटते आणि त्या पालवीला पाणी पुरवायची जबाबदारी आधीच उपाशी असलेल्या मुळांवर पडते. त्याऐवजी पाणी नियमित द्या. मार्च ते मे या काळात आठवड्यातून एक-दोनदा, बुंध्यावर न ओतता फांद्यांच्या घेराखाली सावकाश मुरेल असं. काळ्या जमिनीत पाणी साचतं, तिथे बोट घालून ओल तपासा आणि मगच द्या. मुरमाड जागेत उलट, लवकर लवकर द्यावं लागतं.

ओल, वाळवी आणि अळी

उघड्या लाकडावर मातीचे बोगदे दिसले की लोक घाबरतात. वाळवी बहुतेक वेळा मेलेल्या लाकडासाठी आलेली असते. बोगदे हाताने मोडून काढा, खालची साल जिवंत आहे का ते पाहा, आणि बुंध्याशी चढवलेली माती खाली ओढा.

साल खाणारी अळी हा खरा शत्रू. फांदीच्या बेचक्यात भुसा आणि विष्ठा यांची तपकिरी, जाळीदार पट्टी लोंबताना दिसली तर ती तिथे आहे समजा. दिवसा ती भोकात लपते, रात्री जाळीखालून साल खाते. जाळी ब्रशने साफ करा, भोक शोधा, आत बारीक तार घालून फिरवा, मग रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सरकवून वरून चिखलाने बंद करा. गुलमोहरावर ती बरीच दिसते. काम करताना जवळपास बिडी-सिगारेट नको, हे पुन्हा सांगावं लागतं.

पूर्ण कडी निघाली असेल तर

चारी बाजूंनी साल गेलेल्या झाडाला वाचवायचा एकच उपाय आहे: त्याच झाडाच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या कडीच्या खाली आणि वर सालीत खोचून पूल बांधणं. अन्न पुन्हा खाली उतरायला त्यातून वाट मिळते. जखम ताजी हवी, काड्यांची दिशा बरोबर हवी, आणि हात सराईत हवा. रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधणारा माणूस तुमच्या ओळखीत असेल तर त्याला घेऊन या, स्वतः प्रयोग करू नका. झाड दोन-तीन वर्षांचं असेल तर दुसरा हिशेब मांडा: ताम्हण, कांचन यांसारखी कोवळी झाडं जखमेच्या खालून फुटवा देतात. तो जोमदार फुटवा ठेवून वरचं खोड कापलं तर झाड पुन्हा उभं राहतं. कलमी झाड असेल तर मात्र फुटवा कलमाच्या खालून आलाय की वरून, ते आधी तपासा; खालून आलेला फुटवा तुम्हाला हव्या त्या जातीचा नसतो.

मुळात जखम होऊच नये म्हणून

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे बुंध्याभोवती गवतच ठेवू नका. खोडापासून दोन-तीन फूट त्रिज्येचं आळं करा, त्यात पालापाचोळा, वाळकं गवत किंवा भुसा दोन-तीन इंच जाड पसरा. खोडाला तो चिकटू द्यायचा नाही, चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा सतत ओला राहून साल कुजते. गवत नसलं की मशीनला तिथे यायचं कारणच उरत नाही. तरी माळीकाकांना आधी एकदा सांगा: "काका, आळ्याच्या आत मशीन नको, तेवढं खुरप्याने काढा." कंत्राटदाराचा माणूस दर वेळी वेगळा येत असेल तर झाडाजवळ चार विटा मांडून ठेवा. शब्दांपेक्षा विटा जास्त ऐकल्या जातात.

आधाराची काठी खोडाला नायलॉनच्या दोरीने किंवा तारेने कधीच बांधू नका. जुन्या सुती कापडाची पट्टी आठाच्या आकारात सैल बांधा आणि झाड स्वतःच्या जोरावर उभं राहू लागलं की काढा. लोखंडी ट्री गार्ड बहुतेक ठिकाणी लावला जातो आणि विसरला जातो. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीनंतर, तो खोडाला घासत नाही ना ते पाहा. सळई सालीत रुतली असेल तर ती खेचून काढू नका. ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी कापा आणि रुतलेला तुकडा आतच राहू द्या.

दिवाळीच्या माळा, हॉटेलांपुढच्या झाडांवर बारा महिने गुंडाळलेले एलईडी, फलकांचे खिळे, कपडे वाळत घालायची तार, सगळ्याचा शेवट एकच. वटपौर्णिमेचं सुती सूत कुजून जातं, त्याने वडाला काही होत नाही. बुंध्याला टेकवून लावलेले दिवे आणि कापूर मात्र साल भाजतात. पूजा करणाऱ्यांना दिवा हातभर लांब ठेवायला सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

उन्हापासून कोवळं खोड वाचवायचं असेल तर मार्चमध्ये पातळ चुन्याचा पांढरा हात द्या. निफाडकडे थंडीत पारा अगदी खाली येतो आणि दुपारी कडक ऊन पडतं, तिथे डिसेंबरमध्येही तो उपयोगी पडतो. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे असतात ते वाहनचालकांना झाड दिसावं म्हणून. जखमेचा त्यांच्याशी संबंध नाही.

फांदी काढायची असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी ही वेळ बरी. हवा कोरडी असते आणि पुढे येणाऱ्या पालवीच्या जोरावर काप लवकर झाकला जातो. जाड फांदी एका घावात कापू नका, पडताना ती खोडाची साल वीत-दोन वीत ओरबाडत नेते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश चीर द्या, मग थोडं पुढे वरून कापून वजन उतरवा, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून काढा. फुगवटा कापला तर झाडाकडे जखम झाकायचं साधन उरत नाही. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज आत उतरते.

स्वतः हात लावू नये असं केव्हा?

बुंध्यावर लाकडासारखी कडक, चकचकीत बुरशीची छत्री उगवली असेल, खोड लाकडी हातोडीने वाजवल्यावर भद्द आवाज येत असेल, किंवा जखमेकडच्या बाजूला झाड कलत असेल, तर प्रश्न सालीचा राहिलेला नाही. मे-जूनच्या वळवाच्या वाऱ्यात गुलमोहर उन्मळतात, त्यांच्या बुडाशी बरेचदा आधीच कूज असते. अशा झाडाखाली गाड्या लावणं थांबवा आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवा.

झाड तुमच्या आवारातलं असलं तरी परवानगीशिवाय ते तोडू नका, आणि मोठ्या फांद्या छाटण्याआधीही उद्यान विभागाकडे विचारा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडणं म्हणजे फक्त करवत चालवणं नव्हे. जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्यात धरलं जातं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष मानली जातात. अर्जासोबत टेप लावलेले ते जुने फोटो जोडा, पाहणीला येणाऱ्या माणसाचं काम सोपं होतं.